आमलीच्या नाक्यावरची कमान

बाई, उद्या आमलीच्या नाक्यावर माझ्या नावाची कमान उभी राहणार आहे आणि माझं डोकं फिरलं आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, हिला कौतुकही सहन होत नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही काही बोलला नसता, चष्मा पदराला पुसत बसला असता, आणि मग एखादा असा प्रश्न विचारला असता की मी आणखी चिडले असते. तरी तुम्हालाच लिहिते आहे. कमानी आणि दरवाजे हा विषय माझ्या डोक्यात तुम्हीच घुसवलात.

दमणची सहल आठवते ना. सिल्वासातल्या मराठी शाळेची आम्ही सातवीची पोरं, निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्राचा आवाज ऐकू येत होता आणि तुम्ही आम्हाला किल्ल्याच्या दरवाजासमोर उन्हात उभं करून ठेवलं होतंत. दगड कसे एकमेकांना धरून असतात, वरचा मधला दगड काढला तर काय होईल, आपल्याकडच्या किल्ल्यांत दरवाजापुढची वाट मुद्दाम वळवून का नेतात, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. मग तुम्ही सांगितलंत की मोठा दरवाजा रोज कुणासाठी उघडत नसे. त्याच्याच फळीत एक लहान दिंडी कापलेली असे, येणारे-जाणारे तिच्यातून वाकून जात. आणि एकेकाला विचारू लागलात, "तू कुठून गेली असतीस?" मी ठणकावून सांगितलं, मोठ्या दरवाजातून. तुम्ही म्हणालात, "हत्तीवर बसून का?" सगळा वर्ग हसला. परत येताना बसमध्ये मी तुमच्याशी बोलले नाही. समुद्रावर आपण पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती, त्याचाही राग होताच.

पुढे मी पुस्तकांवर पुस्तकं वाचली, भाषणं करू लागले, लोक 'ताई' म्हणू लागले. तुम्ही निवृत्त झालात तरी कोकणात परत गेला नाहीत. एव्हाना इथे कारखान्यांची रांग लागली होती, आणि रस्त्याआधी, पाण्याआधी, दवाखान्याआधी इथे कमान यायची. कुणी मंत्री आला, कमान. कुणी साहेब बदलून आला, कमान. बांबूवर कापड ताणायचं, त्यावर सोनेरी कागद, आणि साहेबांची गाडी खालून गेली की दुसऱ्या दिवशी शेळ्या ते कापड ओढत असायच्या. मी प्रत्येक सभेत या कमानींवर तुटून पडायचे. लोकांना ते फार आवडायचं. तुम्हाला एकदा विचारलं, माझं पटतं का? तुम्ही म्हणालात, "दगडाच्या विजयकमानी बांधणारे राजे होते. आज त्यांच्या सावलीत लोक भाजी विकतात. कुठली लढाई, कुणाला ठाऊक नसतं." बाई, हे उत्तर आहे का? मी हो की नाही विचारलं होतं.

धाग्याच्या कारखान्यातल्या बायकांची लढाई सुरू झाली ती दरवाजावरूनच. मोठं लोखंडी गेट ट्रकसाठी आणि शेठच्या गाडीसाठी. बायकांनी त्यातल्या लहान दारातून एकेकीने वाकून जायचं, आणि सुटताना तिथेच उभं राहून झडती द्यायची. डबा उघडून दाखवायचा, पदर झटकून दाखवायचा. पोटुशी बाईसुद्धा वाकूनच. पहिल्या गेट मीटिंगला तुम्ही छत्री घेऊन आलात आणि मागे उभ्या राहिलात. मी त्या दिवशी आग ओकले. इतिहासातले सगळे दरवाजे तिथे आणून उभे केले. संपल्यावर तुम्ही जवळ आलात.

"छान बोललीस. पण कुणाशी?"

"मॅनेजरशी. त्याला ऐकू जायला पाहिजे होतं."

वॉचमन तिथेच होता. तो म्हणाला, "साहब तो सुबह से वापी गये हैं, दीदी."

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत म्हणालात, "म्हणजे तू गेटशी भांडत होतीस, आणि एवढा वेळ या बायका तुझी वेणी बघत उभ्या होत्या."

दुसऱ्या दिवसापासून मी गेटकडे पाठ करून बोलू लागले. आजही तशीच बोलते. पण त्या बायकांसमोर सांगायची गरज होती का? नंतर कधी त्या सभांना तुम्ही आलाही नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात. आणि मग आम्ही जिंकायच्या आधीच गेलात, हे तर मला अजिबात पटलेलं नाही.

तर जिंकलो. झडती बंद, आणि कामाची पाळी सुरू होताना, सुटताना मोठं गेट पूर्ण उघडायचं असं ठरलं. उद्या पहिल्यांदा उघडेल. त्याचा आनंद मला चार दिवस नीट करू दिला असता तर बरं झालं असतं. पण युनियनचे आप्पा, धुळ्याकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, परवा येऊन म्हणाले की नाक्यावर तुमच्या नावाची कमान करतोय.

"आप्पा, मंत्र्यांच्या कमानींवर मी काय काय बोलले ते ऐकलंय ना तुम्ही?"

"ऐकलं ना. टाळ्या बी मीच वाजवल्या."

"मग?"

"मंत्री आपला नव्हता, ताई."

मी सांगितलं, मी त्या कमानीखालून जाणार नाही, बाजूने जाईन. त्यांच्याबरोबर आलेली नंदुरबारची बाई, जी झडतीच्या वेळी सगळ्यांत आधी अडून बसली होती, ती म्हणाली, "बाजूनं जा. आम्ही लोकांना सांगू, आमच्या हातचं ताईला चालत नाही." असं बोलून निघूनही गेली. आता सांगा, मी काय करायचं? खालून गेले तर इतकी वर्षं ज्यांच्यावर तोंडसुख घेतलं त्यांच्याच ओळीत जाऊन बसणार. बाजूने गेले तर या बायका माझ्याशी पुन्हा मन मोकळं करून बोलणार नाहीत, आणि उद्या दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर त्या माझ्या पाठीशी कशाला उभ्या राहतील? दोन दिवस मी घरात भांडी आपटते आहे.

आज संध्याकाळी शेवटी नाक्यावर गेले. सरळ सांगून टाकायचं, काढा ती, असं ठरवून. बांबू उभे झाले होते. आसोपालवाची पानं ओवत बायका रस्त्याकडेला बसल्या होत्या. मशीनवर वाया गेलेल्या धाग्याचे रंगीत गोंडे करून त्यांनी वरपासून खालपर्यंत बांधले होते. आप्पा शिडीवर होते. मी खालूनच म्हणाले, "आप्पा, एवढी अवाढव्य कशाला? मी एकटी बाई, मला किती जागा लागते?"

आप्पांनी शिडीवरून माझ्याकडे नवलाने पाहिलं. "एकटीसाठी कोण करतं? पाळी सुटली की साऱ्या बायका एका ओळीत हात धरून जाणार हिच्याखालून. तुम्ही बी चला त्यांच्यात. साडीनं मापलंय, गेट केवढं तेवढीच कमान. नाव आपलं तुमचं टाकलं, काहीतरी लिहावं लागतं ना वर."

नंदुरबारची ती बाई मान खाली घालून पानं ओवत होती. तिने सरकून मला बसायला जागा केली. मी बसले, थोडी पानं ओवली, घरी आले.

प्रश्नच मिटला, बाई. उद्या सगळ्यांबरोबर मीही जाईन, त्यात कसलं तत्त्व मोडत नाही. हे पत्र तुम्हीच दिलेल्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकात ठेवून देईन, दुसरीकडे कुठे टाकणार. पण खरं सांगायचं तर, ती कमान एकट्या माझ्यासाठी नाही हे कळलं तेव्हा मला जरासं वाईट वाटलं.