सहा जणांचा फ्रिज

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.१०
काल बँकेतून रिटायर झालो. आजपासून रोजनिशी. नियम एकच: खरं तेच लिहायचं.
निखिल आणि सून मृणाल पुण्याहून २४ डिसेंबरला येतायत, पाच दिवस. मुलगा दोन वर्षांनी घरी येतोय. घरात आला की तो मोबाइल बघतो आणि मी पेपर. या वेळी तसं होऊ देणार नाही. आपल्या गाडीने गांधीसागर धरण, पाण्याकाठी तंबू, दोन रात्री. मी, चारुलता, निखिल, मृणाल, जयू आणि रजनी, एकूण सहा. गाडी सात सीटर. निखिल पुढे माझ्या शेजारी. जायला चार तास, यायला चार तास. बास, मला तेवढंच हवंय.
यूट्यूबवर सोळा व्हिडिओ पाहिले. तंबू कोणीही आणतो. खरा प्रश्न फ्रिजचा. गाडीतला पोर्टेबल फ्रिज, आणि त्याची साइज.

४ नोव्हेंबर
लोक अंदाजाने साइज घेतात. मी मोजली. घरातले सगळे स्टीलचे डबे ओट्यावर मांडले, पाण्याने भरले आणि दुधाच्या मापाने मोजून काढले. १९ डबे, ६१ लिटर. त्यावर वीस टक्के मार्जिन. ७३. म्हणजे ७५ लिटरचा फ्रिज.
चारुलताने विचारलं की दोन रात्रींना जायचंय की वरात न्यायचीय. डबे पुसायलाही आली नाही. पस्तीस वर्षांचा संसार, आणि पहिल्याच कामात ही साथ.

९ नोव्हेंबर, रविवार
जयू आला होता. जयू म्हणजे चारुलताचा धाकटा भाऊ, इथेच टावर चौकात भैरवगढ प्रिंटच्या चादरींचं दुकान. चादरीपलीकडे काही कळत नाही. म्हणाला, भाऊजी, डिसेंबरात गांधीसागरला रात्री सात डिग्री असतं, तुमच्या फ्रिजमध्ये चार. तीन डिग्रीसाठी एवढी खटपट? दूध बाहेर ठेवा, उलट त्याला शाल पांघरावी लागेल. यावर चारुलता आणि जयूची बायको रजनी इतक्या हसल्या की रजनीला ठसका लागला.
ज्यांच्यासाठी करतोय तेच हसतायत, याची फक्त नोंद ठेवतो.
जाता जाता तो असंही म्हणाला की डबे गोल आहेत आणि फ्रिज चौकोनी. या मुद्द्यावर नंतर विचार करीन.

१५ नोव्हेंबर. संध्याकाळी
इंदूरहून ७५ लिटर आणला. देखणा आहे. चार जणांनी उचलून गाडीत ठेवला.
अडचण किरकोळ. मागची रांग पूर्ण पाडावी लागली. झाकण वर उघडतं आणि छताला लागतं, म्हणून फ्रिज पुढे सरकवावा लागतो, त्यात मधल्या रांगेतली एक सीट जाते. उरल्या चार.
थोडक्यात, सहा जणांचा फ्रिज ठेवला की गाडीत चारच जण मावतात. यात फ्रिजचा दोष नाही. गाडी बनवणाऱ्यांनी विचार केलेला नाही.

१६ नोव्हेंबर
जयूला फोन केला. तांत्रिक कारणामुळे तू आणि रजनी या वेळी नको, असं नीट समजावून सांगितलं. वाटलं, वाईट वाटेल, आग्रह करील, मागे दाटीवाटीने बसतो म्हणेल. तो म्हणाला की ठीक आहे, आम्ही आमची गाडी काढतो. दोन सेकंदांत! इतक्या वर्षांचं नातं दोन सेकंदांत मोकळं केलं.
चारुलता दुपारपासून बोलत नाही. वरण आळणी होतं. मीठ मागितलं तर बरणी ठेवली, चमचा नाही.

२२ नोव्हेंबर
माणसं चार झाल्यावर हिशोब बदलतो. ७३ भागिले सहा, गुणिले चार. ४९. म्हणजे ७५ चा फ्रिज आता मूर्खपणा आहे. कोणाचा ते लिहीत नाही.
इंदूरला जाऊन बदलून ५० चा आणला. दुकानदाराने खोकं मागितलं. खोकं मी कापून डिकीत अंथरलं होतं. तरी माणूस भला, घरच्यांपेक्षा बरा.
५० ठेवल्यावर पाच जण बसतात. चारुलता म्हणाली की मग जयूला बोलवा. आता जयू-रजनी दोघं, जागा एक. नवऱ्याला ये म्हणून बायकोला नको कसं म्हणणार? मला माणसांची मनं सांभाळावी लागतात. फोन केला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
नवं संकट. मृणालचा फोन. डायट चालू आहे, रोज सहा अंडी लागतात, बाबांनी फ्रिज घेतलाय तर फारच बरं झालं म्हणाली. ऐकून ऊर भरून आला. घरात एक तरी माणूस गुणग्राहक आहे.
चारुलताने ऐकलं. तिचा नियम जुना आहे. सून येते तेव्हा अंडी गॅलरीत, माठाशेजारच्या टोपलीत. म्हणाली, सुनेने खावीत, खुशाल खावीत, पण ज्या फ्रिजमध्ये अंडी त्यात माझं श्रीखंड नाही, हा शेवटचा शब्द.
मी मार्ग काढलाच. ड्युअल झोन! मध्ये पक्की भिंत, दोन कप्पे, दोन झाकणं. डावीकडे अंडी, उजवीकडे श्रीखंड. असा फ्रिज बनवणाऱ्याच्या घरी नक्की अशीच सासू-सून असणार.

६ डिसेंबर
इंदूर, तिसऱ्यांदा. ड्युअल झोन ६० लिटर आणला. दुकानदाराने चहा पाजला आणि विचारलं की अंकल, घर में सब ठीक है ना.
हा ७५ पेक्षाही लांब निघाला. भिंतीमुळे. मधली रांगही पूर्ण पाडली. उरल्या पुढच्या दोन सीटा.

७ डिसेंबर. पहाटे
रात्री नीट विचार केला. चारुलता आणि मृणाल जयूच्या गाडीत बसतील. बायकांना गप्पा मारता येतील. मी आणि निखिल आपल्या गाडीत.
खरं तेच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. मला आनंद झाला. चार तास फक्त तो आणि मी. सतरा वर्षांचा असताना त्याला स्टेशनवर सोडायला गेलो होतो, त्यानंतर असे दोघेच कुठे बसलो नाही.
चारुलताला सांगितलं. अजिबात रागावली नाही. म्हणाली, मी तुम्हाला तेच सांगणार होते, मला जयूबरोबरच जायचंय. म्हणजे आधीच ठरवलं होतं! मी वगळण्याआधीच मला वगळलं.

२४ डिसेंबर, बुधवार. रात्री ९
आले दोघं. निखिल वाळलाय. जेवण झाल्यावर त्याला फ्रिज दाखवला. कॉम्प्रेसर, दोन्ही कप्पे, डिजिटल डिस्प्ले. तो म्हणाला की बाबा, जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, आत्ता काही नको, उद्या चार तास आहेत, सगळं गाडीत. तो बरं म्हणाला आणि पुन्हा डिस्प्लेकडे बघत राहिला. त्याला आवडला असावा.
अंडी डावीकडे, श्रीखंड उजवीकडे. गोल डब्यांमुळे अर्धी जागा रिकामी आहे. ती हवा खेळायला लागते.
व्हिडिओत म्हणतात, फ्रिज रात्रभर आधी थंड करून ठेवावा. गाडीला जोडून चालू केलाय.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ९.४०
गाडी चालू झाली नाही. बॅटरी पार उतरली. फ्रिजने रात्रभर प्यायली. माझ्याच गाडीत बसून, माझ्याच बॅटरीवर! आणि हा आणायला मी तीनदा इंदूरला गेलो.
धक्का मारून पाहिला. जयू, निखिल, समोरचे अग्निहोत्री. ढिम्म. मेकॅनिक म्हणाला, आज छुट्टी है, बारा वाजेपर्यंत बघतो.
जयूच्या गाडीत पाच सीटा. चारुलता, मृणाल आणि रजनी मागे, जयू स्टिअरिंगवर. एक रिकामी. निखिल म्हणाला की मी थांबतो बाबांजवळ, दुपारी दोघं मिळून निघू. मी म्हटलं, नाही, तू जा, ऊन उतरायच्या आत पोचा, मला इथे फ्रिजचं बघायचंय.
मला ते म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं.
आणि तो गेला. एकदा जा म्हटल्यावर गेला. मी दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तरी थांबायचं. बसला पण पुढे, जयूच्या शेजारी.

दुपारी १.१५
मेकॅनिक आला. गाडी चालू झाली. आता निघू शकतो. पण बोलावल्याशिवाय जाणार नाही. फोन यायला हवा. तिथे नेटवर्क नसतं हे मला माहीत आहे. तरी.

२६ डिसेंबर
फोन नाही. फ्रिजची चाचणी मात्र, आता घरातून वायर ओढून, उत्तम चालू आहे. दर तासाला नोंद करतो. डावा कप्पा ४, उजवा ४. बाहेर अंगणात सकाळी ८ डिग्री.
सहा जणांचं श्रीखंड आहे. दोन वाट्या खाल्लं. वेलची छान लागलीय, सांगायला कोणी नाही. त्यांनी मला विसरावं, मी पदार्थ वाया घालवणार नाही. अंड्यांना हात लावलेला नाही.
संकल्प: आल्यावर निखिलशी शांतपणे बोलायचं. ओरडायचं नाही. चूक त्याची असली तरी.

२७ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.३०
आले. सगळ्यांचे चेहरे उन्हाने रापलेले. निखिल मला पाहून हसला, बाबा, फ्रिज कसा आहे म्हणाला आणि आंघोळीला गेला.
मी जयूच्या डिकीतून तंबू उतरवत होतो. जयू जवळ आला. आज एकदम प्रेमळ झालेला. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, भाऊजी, मन छोटं करू नका. चार वर्षं म्हणजे बघता बघता जातात, आणि आता तर व्हिडिओ कॉल आहे. मी तंबूची दोरी गुंडाळत राहिलो. तो सांगत होता की वाटेत गरोठ यायच्या आत निखिलने सगळं सांगितलं, कंपनी पाठवतेय, मार्चमध्ये निघायचं, मृणालही बरोबर. बोलता बोलता पोराचा गळा भरून आला, तेव्हा मीच गाडी बाजूला घेतली म्हणाला. चहा पाजला त्याला. तुम्हाला तर आधीच सांगितलं असेल ना.
मी म्हटलं, हो तर, मला त्याने परवाच सांगितलं, सर्वांत आधी.
जयू आणि रजनी गेले. चारुलता पिशव्या आत नेत होती. तिच्या हातातली एक घेतली आणि हळूच विचारलं, निखिल नेमका कुठे जातोय.