मागच्या खोलीतले तीन महिने

॥ श्री ॥
बसवनगुडी, बेंगळूर
शुक्रवार, २२ सप्टेंबर १९९५

ती. सौ. प्रतिमाअक्का हिस,
धाकट्या दर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

१० जुलैच्या पत्रात मी लिहिलं होतं की अण्णांची प्रोस्टेटची गाठ वाढली आहे, पण हृदय कमजोर असल्याने ऑपरेशन करता येणार नाही, लघवीची नळी जन्मभर ठेवावी लागेल, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. हे चूक आहे. मी तेव्हा आत नव्हतेच. लग्नाच्या मुलीने पुरुषांचं असलं दुखणं ऐकू नये म्हणून आईने मला बाहेर बाकावर बसवलं होतं. तिने बाहेर येऊन जे सांगितलं तेच मी डॉक्टरांच्या तोंडी घातलं. चूक खोडायची नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची, हे मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवताना अण्णांनीच सांगितलं होतं. म्हणून लिहिते.

नळी दर महिन्याला बदलावी लागते. मंगळवारी आईचा गुडघा धरला होता, तेव्हा कारखान्यातून अर्धी रजा काढून मीच अण्णांना घेऊन गेले. ते पडद्याआड असताना डॉक्टर नागराज माझ्यावर चिडले. तिसऱ्यांदा जंतुसंसर्ग झालाय, मूत्रपिंडांना सूज येतेय, आणि तुमच्या घरात अजून विचारच चाललाय का, असं त्यांनी विचारलं. मला काही कळेना. मग त्यांनी अण्णांचा कागद पुढे केला. ६ जुलैची नोंद होती. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये गाठ आतून खरवडतात, त्यात रक्त जातं. अण्णा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, म्हणून त्यांना ते धोक्याचं. पण लेसरने गाठ जाळता येते, रक्त फारसं जात नाही. नंतर दोन-तीन आठवडे नळी ठेवायची, मग काढायची. धोका त्यातही आहे, पण अण्णांना तो पेलेल, असं डॉक्टरांना वाटतं. खाली लिहिलं होतं, पत्नीला समजावून सांगितले, त्या कळवतील.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "महिन्याचे चार दिवस, एकतीस वर्षं. बाळंतपणं सोडली तरी चार वर्षांच्या आसपास मी त्या खोलीत काढली. त्यांचे आत्ता कुठे तीन महिने झालेत."

तुला सांगायला हवं, त्यांना मागच्या खोलीत कुणी घातलं नाही. दवाखान्यातून पिशवी लावून आले त्या दिवशी ते आपणहून तिकडे वळले. लघवीची पिशवी अंगाला, म्हणजे सोवळं कुठलं, देवघर कुठलं. आईने आपली जुनी चटई, पितळी ताट आणि पेला तिथे नेऊन ठेवला. पाणी ती वरून ओतते, भांड्याला भांडं लागू न देता, ते आपल्याला ओतायचे तसंच. शाळिग्रामाच्या पूजेला तिने हयवदन नावाचा पोरगेला भटजी लावलाय, तो दहा मिनिटांत उरकतो. अण्णा पलीकडून नुसत्या घंटेवरून ओळखतात त्याने काय गाळलं, आणि भिंतीकडे तोंड करून तेवढं स्वतः म्हणतात. कुणी भेटायला आलं की आई फाटकातच कन्नडमधून नळी कुठून कुठे घातलीय ते सविस्तर सांगते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. परवा शेजारच्या ठकुबाईंना सांगताना दोघी हसल्या.

आई तुझं ऐकते. तिला लिही, किंवा तूच ये. ऑपरेशननंतर दोन दिवस दवाखान्यात कुणीतरी राहायला लागेल आणि मी एकटी पुरी पडेन असं वाटत नाही. धाकटीवर जीव आहे ना, मग एवढं कर.

तुझी
दर्शनी


॥ श्री ॥
गदग
२८ सप्टेंबर १९९५

चि. दर्शूस,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं दुरुस्तीपत्र पोचलं. दुरुस्ती छान आहे, पण मला जुलैपासून सगळं माहीत आहे. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने मला कार्ड टाकलं होतं. मी उलट टपाली लिहिलं की घाई करू नकोस.

त्यांना उशी दिलीय का तेवढं कळव. आम्हाला नसायची. तू शेंडेफळ, तुझ्या वेळेपर्यंत ते मऊ झाले होते, तुला उशी मिळाली. म्हणून तुला एवढा कळवळा येतो.

ब्याऐंशीचा मार्च तुला आठवत नसेल, तू आठ वर्षांची होतीस. माझा दहावीचा गणिताचा पेपर आणि माझा दुसरा दिवस. हॉल तिकीट देवघराजवळच्या फडताळात, पुस्तकं सरस्वती, मी मागच्या खोलीत. आई त्यांच्या पाया पडली. अण्णांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले की पुढच्या वर्षी देईल. पुढच्या वर्षी त्यांनी मलाच गदगला दिलं. त्या दिवशी तू खिडकीतून मला अर्धा पेरू दिलास, मला शिवलीस म्हणून तुला गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ घातली आणि तू रात्रभर खोकत होतीस. हे तरी आठवतं का?

आता तू मोजण्यात हुशार आहेस, तर एवढं मोज. नळी निघाली की अण्णा देवघरात जातील. मागची खोली रिकामी होईल. आईचं वय झालं, तिला ती खोली आता लागत नाही. मी इकडे. मग तिथे बसायला घरात कोण उरतं?

मी येणार नाही. बळेबळे बसमध्ये बसवलंत तरी हुबळीला उतरेन.

आईला माझा नमस्कार सांग. अण्णांना काही सांगू नकोस. तुझ्यावर माझा जीव आहेच, तो त्यांच्यावर उधळू नकोस म्हणजे झालं.

अक्का


॥ श्री ॥
बसवनगुडी, बेंगळूर
बुधवार, ४ ऑक्टोबर १९९५

ती. सौ. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

काल दसरा झाला, सोनं पाकिटात घातलं आहे. पेरू आठवतो. खोकलाही आठवतो.

तू मोजायला सांगितलंस त्याचं उत्तर मला आधीपासून माहीत होतं आणि मागच्या पत्रात मी ते गाळलं. तेही इथे दुरुस्त करते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तीन महिने मी बाजूला बसलेले नाही. खोलीत अण्णा होते. आई म्हणाली, गप्प राहा, तुझंही आपसूक निभतंय. त्या दिवसांत मी कारखान्यात गेले, घरात वावरले, अण्णांची पिशवी रिकामी केली, त्यांना वाढलं. आंघोळ झाली का एवढंच विचारून ते जेवले. अक्का, मला ते दिवस फार आवडले. नळी राहिली तर बरं, असंही मनात एकदा येऊन गेलं. मग आईवर रागवायचा मला काय हक्क?

रविवारी मी अण्णांना लेसरचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शाळिग्रामाला पुन्हा हात कधी लावता येईल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कार्तिकात. म्हणाले, सरी, ठीक आहे. मग हे आधी कुणाला माहीत होतं, असं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "बाईच्या हाती कागद देऊ नये, ते याचसाठी." आई दारातच होती. ती स्वयंपाकघरात जाऊन हसली. तसलं हसणं मी आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

त्या खोलीत तीन महिने काढून त्यांना काहीतरी उमगेल असं मला वाटत होतं. चटई फार पातळ आहे, एवढं उमगलं. मी खोली सोडली की नवी आणून ठेव, म्हणाले, पुढे तुला लागेलच.

तरी मी त्यांना नेणार आहे. पिशवी रोज मीच रिकामी करते आणि आठवडाभर तिच्यात रक्त दिसतंय. त्याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. तुझा पेपर त्यांनी बुडवला ते खरं आहे, आणि हे रक्तही खरं आहे.

लेसरचं यंत्र मद्रासहून महिन्यातून एकदाच येतं. पुढची खेप नोव्हेंबरात, आणि मूत्रपिंडं तोवर दम धरतील असं डॉक्टर सांगत नाहीत. या खेपेची तारीख मी पंचांगाशेजारच्या कॅलेंडरवर पाहिली. तो माझा दुसरा दिवस आहे. माझे दिवस चुकत नाहीत, तुला माहीत आहे.

अण्णांना आता हात धरल्याशिवाय चालता येत नाही. आई येणार नाही, म्हणजे हात माझाच. तो पुढे करण्याआधी मी त्यांना मागच्या खोलीच्या दारात सांगणार आहे की आज माझा दुसरा दिवस आहे, गेले तीन महिनेही मी त्यांना शिवत होते, आणि परत आल्यावर त्या खोलीत मी बसणार नाही. चटई मी आणलेली नाही. आधी सांगितलं तर ते शास्त्र काढत बसतील आणि यंत्र परत जाईल. नंतर सांगितलं तर ती फसवणूक होईल. म्हणून तिथेच, रिक्षा दारात उभी असताना. मग माझा हात धरायचा की नळी ठेवायची, ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी चटईकडे तोंड फिरवलं तर मी ओढून नेणार नाही. ओढून नेण्याइतकी माया माझ्यात उरली आहे की नाही, हे मी रोज तपासून पाहते.

तू रागावली असशील तर राग ठेव, पण पत्र पाठवायचं थांबवू नकोस.

तुझीच
दर्शनी

ता. क. उशी दिलेली नाही. रिक्षा सांगून ठेवली आहे, बुधवार, ११ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा.