लोकेंद्रच्या वर

४ ऑगस्ट, सोम.
दफ्तर. दोन फायली परत आल्या. आईचं बीपी १५०. येताना पाटणकर बाजारातून माझ्या भावाच्या, अभयच्या, लॅपटॉपचा चार्जर आणला. वर्षश्राद्धाला फ्रेम करायला आईला त्याचा एक बरा फोटो हवा आहे. साडेनऊ महिन्यांनी झाकण उघडलं.
फोटोंच्या आधी त्याचा तो पत्त्यांचा गेमच आपोआप उघडला. त्यात 'रोजचा डाव' म्हणून यादी असते. त्या दिवशी मित्रांपैकी कुणाचे किती गुण झाले ते. यादीत दोनच नावं. वर त्याचा जिवलग मित्र लोकेंद्र, खाली अभय. अभयपुढे नुसती रेघ.
मागच्या तारखाही बघता येतात. मागे जात जात १७ ऑक्टोबरला पोचले.
लोकेंद्र, १४१२.
त्या संध्याकाळी अभयला प्लेटलेट्स हव्या होत्या. लो.चा रक्तगट तोच. आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणाला होता, "ताई, टेंशन मत लो. मैं बैठा हूँ न." मी चौदा वेळा फोन लावला, त्यानं उचलला नाही. पहाटे अभय गेला. तेराव्याला जेवायला आला तेव्हा म्हणाला, "गाँव चला गया था ताई, दो दिन. वहाँ नेटवर्क ही नहीं आता." आईनं त्याला दोनदा खीर वाढली.
फोटो शोधायचा राहिला.

५ ऑगस्ट, मंगळ.
प्लेटलेट्स मिळाल्या असत्या तरी काही सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मला माहीत आहे. त्याचा इथे संबंध नाही.
आईला सांगणार नाही. ती अजून लो.ला 'माझा दुसरा' म्हणते. त्याच्या घरी जाऊन भांडणं मला जमणार नाही. कुणाशीच कधी जमलेलं नाही.
पण या लॅपटॉपवर मी खेळले तर यादीत नाव अभयचं येईल. लो. रोज सकाळी ती यादी बघत असणार. त्याला अभय दिसला पाहिजे. नुसता नाही. त्याच्या वर. रोज.
गेम शिकायचा.

८ ऑगस्ट, शुक्र.
सहा वेळा मेले. सहाही वेळा पहिल्या मजल्यावर.
एक मनोरा चढायचा. वाटेत जे भेटेल त्याच्याशी पत्त्यांनी लढायचं. प्रत्येक लढाईनंतर तीन नवे पत्ते समोर येतात, हवा तर एक घ्यायचा. मेलं की सगळं जातं, पुन्हा खालून.
पुण्याला सईला फोन केला. मावसबहिणीची मुलगी, असले गेम तिला पाठ. म्हटलं, वेळ जात नाही म्हणून खेळतेय.
"मावशी, तुझ्याकडे पत्ते किती झाले?"
"सदतीस."
"अगं, सगळे घेत सुटलीस? हळदीकुंकवाचं वाण आहे का ते, नाही म्हणता येत नाही म्हणून?"
"फुकट देतात ना."
"फुकट नाहीये. गड्डी फुगली की कामाचा पत्ता हातात यायला उशीर होतो. तोवर तू मेलेली असतेस. नको असेल तर नको म्हण."
नको म्हणायचं. लिहून ठेवलं.

१० ऑगस्ट, रवि.
आज चूक कळली. मी मेंढीकोट खेळत होते.
आमच्याकडे गणपतीत मेंढीकोटाचे डाव लागायचे. अभय आणि मी नेहमी भिडू. हुकूम शेवटपर्यंत धरून ठेवायचा, अण्णांनी दोघांना तेच शिकवलेलं. इथेही मी मोठा पत्ता दाबून बसायची. पण इथे प्रत्येक चालीनंतर हातातले उरलेले पत्ते काढून घेतात. दाबून ठेवलेला पत्ता म्हणजे वाया गेलेला.
सई खूप हसली. औषधाच्या बाटल्यांचंही तेच. तीन बाटल्या जवळ असताना मेले. "कुणासाठी ठेवल्या होत्यास, पाहुण्यांसाठी?"

१३ ऑगस्ट, बुध.
पहिला मजला पार. समोरचा पुढच्या चालीला काय करणार ते त्याच्या डोक्यावर आधीच दाखवतात. मारणार असेल तर ढाल, नसेल तर आपण मारायचं. मी ते बघतच नव्हते. नुसती मारत सुटले होते.
जिन्यात लो.च्या डोक्यावर काय होतं कोण जाणे.

१७ ऑगस्ट, रवि.
दुसऱ्या मजल्यावर लढाई ऐन रंगात, तेवढ्यात सिलेंडरवाला आला. उठले, पासबुक शोधलं, वजन करून घेतलं, आईचा काढा गाळला. पाऊण तास गेला. परत येऊन बघते तर सगळं होतं तसंच. समोरचा थांबलेला, माझे पत्ते हातात.
सईला विचारलं. म्हणाली, "हो मग, घड्याळ थोडीच लागतं. बंद करून उद्या उघडलंस तरी तिथूनच सुरू."
म्हणजे थांबवता येतो.
चौदा वेळा.
दिवसभर आईशी नीट बोलले नाही. तिनं विचारलं, "दफ्तरमध्ये काही झालं का?" हो म्हटलं.

२२ ऑगस्ट, शुक्र.
आज पहिल्यांदा रोजच्या डावात उतरले. नवा डाव सकाळी साडेपाचला लागतो. सगळ्यांना तेच शत्रू, तेच पत्ते, त्यामुळे नशिबाचं कारण कुणाला देता येत नाही. खेळून मगच दफ्तरला गेले.
लोकेंद्र ९४०. अभय २११.
सव्वाअकराला लो.चा फोन. दहा महिन्यांत पहिला. उचलला नाही. तीनदा वाजला. वाजू दिला. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "मॅडम, किसी का ज़रूरी होगा." म्हटलं, नहीं, ज़रूरी नहीं है.

२७ ऑगस्ट, बुध.
गणपती बसला. दुखवट्याचं वर्ष म्हणून आरास नाही, नैवेद्यापुरते पाच मोदक. आई म्हणते, "लोकेंद्र येत नाही गं हल्ली. आरतीला बोलाव त्याला. अभय असता तर..."
मी टाळ शोधायला आत गेले.

३१ ऑगस्ट, रवि.
रोज हरतेय. ६००च्या वर जात नाही. सईला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली.
"मावशी, तू दर वेळी दांडग्यांच्याच वाटेनं का जातेस? अंगात जीव नाही, वाटेत शेकोटी आहे, बस ना तिथे. जखमा भर, मग पुढे जा."
"तिकडून गुण जास्त मिळतात."
"मेल्यावर?" थोडं थांबली. मग म्हणाली, "तू कुणावर चिडून खेळतेस का?"
नाही म्हटलं.
"मग सुरुवातीचे साधे पत्ते मनोऱ्यातल्या दुकानात देऊन टाक. आपण पैसे दिले की काढून घेतात ते. तुला नुसतं जमवायची सवय आहे, काढायची नाही."
तिला सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

३ सप्टेंबर, बुध.
अभय १०८६. लोकेंद्र १०५१.
दहा पत्ते काढून टाकले होते. शेकोटीला दोनदा बसले. बाटल्या सगळ्या वापरल्या.
दफ्तरमध्ये दिवसभर मनात तेच. तो कुठे असेल, पडाव भागातल्या दुकानावर, हातात फोन, आणि वर अभय. जेवताना पोळी एक जास्त गेली. असं सुख मला कशानंच झालेलं नाही, हे लिहून ठेवते. चांगलं नसेल. तरी लिहिते.

६ सप्टें., शनि.
आणखी तीन दिवस अभय वर. पण लो.चे गुण बघा. परवा १२. काल ९. आज १२.
सईला सहज म्हणून विचारलं, चांगला खेळणारा माणूस नऊ गुणांवर मरतो का? "मुद्दाम मेला तर." 
म्हणजे तो डाव सुरू करतो आणि पहिल्याच लढाईत मरून घेतो. अभयला वर राहू देतो. फूल वाहिल्यासारखं.
इतका राग १७ ऑक्टोबरलाही आला नव्हता. हे मला घ्यायचं होतं. त्यानं द्यायचं नव्हतं.

९ सप्टें., मंगळ.
तीन दिवस विचार करून त्याला मेसेज केला. "ठीक से खेलो." एवढंच.
दोन मिनिटांत उत्तर. "जी ताई."
म्हणजे मी आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

१० सप्टें., बुध.
लोकेंद्र १२९०. अभय ७४०.
बरं वाटलं.

१४ सप्टें., रवि.
दुपारी बेल वाजली. आईनं दार उघडलं. लो. वाळलाय. हातात गजकचा डबा, थंडीतली ती तिळाची मिठाई या दिवसांत कुठून मिळवली कोण जाणे.
आई रडली, मग चापटी मारली. "कितने दिन बाद रे! बैठ, चाय टाकती हूँ. चिवडा खाएगा ना?"
"आप खिलाओगी तो खाऊँगा, आई."
ती आत गेली. मग मीच विचारलं, गाँव में थे?
"नहीं ताई."
"घर पे थे?"
"घर पे. फ़ोन सामने रखा था. बजता था तो देखता था." मग म्हणाला, "पापा उसी वार्ड में गुज़रे थे. लगा फ़ोन उठाया तो जाना पड़ेगा. सोचा ये लड़ाई हो जाए, फिर उठाऊँगा. फिर सोचा अगली."
"वो रुक जाता है," मी म्हटलं. "बीच में छोड़ दो तो वहीं रुका रहता है."
"पता है, ताई."
आई चहा घेऊन आली. त्यानं दोन वाट्या चिवडा खाल्ला. आई विचारत राहिली, लग्नाचं काय, त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत. तो सगळ्याला नीट उत्तरं देत होता. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई को बताएँगी?"
 तो चपला घालत थांबला होता. मी दार लावून घेतलं.
आई म्हणते, वर्षश्राद्धाला पहिलं पान लोकेंद्रचं वाढायचं.

१५ सप्टें., सोम.
साडेसहाला यादी उघडली. लो. आधीच खेळून बसलेला होता. १५०३. त्याचं आजवरचं सगळ्यात जास्त. खरं खेळलाय.
अभयपुढे रेघ. दिवस उद्या साडेपाचपर्यंत आहे.
आईला सांगायचं की नाही, ते रात्रभर ठरलं नाही. सांगितलं तर तिचा दुसराही जाईल. नाही सांगितलं तर ती त्याला वाढेल आणि मला बघावं लागेल. त्याला माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही.
आई अजून उठलेली नाही. आज पाण्याचा दिवस. खाली जाऊन मोटर लावली आणि टाकी भरेपर्यंत तिथेच उभी राहिले.