स्कूटर कशाला, आबा?

इरोड
२६ नोव्हेंबर २०२३

ती. आबांना,
साष्टांग नमस्कार. मागचं भांडण मिटलेलं न्हाई, म्हणून तिथूनच पुढं लिहितोय.

फोन तुमीच आपटला, मी न्हाई. मी फोनवर वरच्या आवाजात बोलतो आणि पत्रात माणूस शाना होतो, हे तुमचंच म्हणणं. मिल्ट्रीत असताना तुमी आईला सतरा वर्षं पत्रं लिहिली आणि एकदा पण भांडण झालं न्हाई म्हणं. म्हणून मी पण ही वहीची पानं फाडली. नववीपर्यंतचं शिक्षण हाय, तेवढ्यात भागवून घ्या.

आवं आबा, दसऱ्याला मोटरसायकल ठरली होती का न्हाई? शंभर सीसी, सेकंड हँड, पंचावन्न हजाराच्या आत. हे शब्द तुमचेच. मी इकडं भट्टीपुढं घाम गाळून वर्षभर साठवलेलं बाहेर काढलं. ऋषिराजला सांगितलं. माझ्या बाकावर बसायचा तोच, आता साताऱ्यात जुन्या गाड्या घेतो-विकतो. त्यानं एका मास्तरांची गाडी बघून ठेवली. बावीस हजार किलोमीटर पळलेली, टायर नवे, इन्शुरन्स जूनपर्यंत, लिटरला पासष्ट देती. मी दोन हजार बयाना पण दिला. आणि आता तुमी म्हणता स्कूटर पाहिजे.

स्कूटर कशाला, आबा? शिवाताईच्या लग्नात दाजी स्कूटरवर आले तवा भर मांडवात कोण म्हणालं होतं, जावई खुर्चीत बसूनच आला म्हणून?

मेढ्यातनं सातारा एमआयडीसी, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. स्कूटर पंचेचाळीसच्या वर देत न्हाई. महिन्याला नऊशे रुपयाचं पेट्रोल जादा जाणार. चाकं बारकी, खड्ड्यात आपटणार. आणि घरची जुनी गाडी तुमी मला न विचारता अकरा हजाराला का काढली? चौदा वर्षं चालली, अजून चालली असती. आई सांगते, आता दुधाच्या टेंपोत बसून ड्यूटीला जाता आणि येताना जे थांबंल त्याला हात करता. अठ्ठावन्न वर्षांचा वॉचमन रस्त्याला हात करत उभा हाय, हे डोळ्यापुढं आलं की माझं कामात लक्ष लागत न्हाई.

दहा तारखेला, रविवारी, ऋषिराज गाडी दारात आणंल. एकदा चालवून बघा, मग बोला.

आईला नमस्कार. माझ्यावर माया असू द्या, राग रविवारपर्यंत आटपा.
तुमचा विश्वजीत

*

मेढा
२ डिसेंबर २०२३

चि. विश्वजीतला,
या पानावर मावतील तेवढे आशीर्वाद.

पत्र मिळाले. अक्षर सुधारले आहे, डोके तेच आहे.

स्कूटरची कारणे विचारलीस, ती अशी. पुढे पाय ठेवायला जागा असते, तिथे पेंडीचे पोते बसते, गॅसची टाकी बसते. तुझ्या आईला मागे चढायला सोपे जाते. गिअरची कटकट नाही. पावसात पँटवर चिखल उडत नाही. सीटखाली डबा आणि रेनकोट राहतो. शिवाय आमच्या कंपनीतले निम्मे लोक हल्ली स्कूटरच वापरतात. जावईबापूंना त्या वेळी बोललो ते चुकले, तसे त्यांना कळव.

जुनी गाडी विकली कारण तिचा ब्रेक गेला होता. कण्हेरच्या अलीकडे एका म्हशीला धक्का लागला. म्हशीला काही झाले नाही, जे काही झाले ते तिच्या मालकाला झाले. त्याला चहा पाजून विषय मिटवला. अशी गाडी ठेवण्यात अर्थ नव्हता.

मास्तरांची गाडी चांगलीच असेल. पण बयाना देण्याआधी विचारायचे असते.

तू सहा वर्षांत पुणे, भिवंडी, सुरत अशी तीन गावे सोडलीस. दर वेळी कारण वेगळे आणि पिशवी तीच. दाजींच्या चुलत्यांच्या या गलाईच्या दुकानात वर्ष काढलेस, याचे मला काय वाटते ते मी बोलून दाखवत नाही. सोने वितळवायची कला हातात येत आहे, ती पुरी हातात येऊ दे. इकडची काळजी करू नये. आम्ही ठीक आहोत.

आईचा तुला आशीर्वाद. आठवण ठेवत जावी, पण कामाच्या वेळेत नको.
तुझा बाप,
जोतीराम

*

कवठे महांकाळ
१२ डिसेंबर २०२३

प्रिय विश्या,
खूप आशीर्वाद, आणि कानाखाली एक उधार.

शनिवारी फोन करून म्हणालास, ताई, मेढ्याला जा आणि आबांच्या डोक्यात काय शिरलंय ते बघून सगळं लिहून कळव. दोन लेकरं यांच्यावर टाकून गेले बाबा. आबांचा निरोप सांगितला तर हे म्हणाले, सासऱ्यांनी सात वर्षांनी माफी मागितली, आता स्कूटर मीच देतो. ते तेवढं मनावर घेऊ नकोस.

रविवारी ऋषिराज गाडी घेऊन आला. काळी, लाल पट्ट्याची, पुसूनपासून आणलेली. आबा ड्यूटीचे बूट घालून, लेस दोनदा बांधून बाहेर आले. गाडीला लांबूनच एक फेरी मारली. मग बसले, गिअर टाकला, गल्लीच्या टोकाला मारुतीच्या देवळापर्यंत गेले. आम्ही दारात उभे. बराच वेळ झाला तरी येईनात. बघतो तर गाडी बंद करून हाताने ढकलत आणतायत. ऋषिराज पळत गेला. आबा म्हणाले, क्लच कडक आहे, आपल्याला नाही जमायची. मग ऋषिराजने ती मेढाभर फिरवून आणली आणि म्हणाला, काकू, क्लच लोण्यासारखा आहे. आबा तोवर गोठ्यात गेले होते. गाडी अजून आपल्याच दारात आहे. बघू दे त्यांना चार दिवस, असं ऋषिराज म्हणाला.

येताना मी अर्जुनाच्या गॅरेजला थांबले. जुन्या गाडीचं विचारलं. तो म्हणाला, घेणाऱ्यापुढे मीच तपासून दिली, ब्रेक होता तसा होता, आबांनी दाबलाच नसेल. मी म्हटलं, बरं, म्हैस आडवी आली की कोणाचंही भान जातं.

आईला मात्र सध्या हसायला विषय झालाय. परवा आबा वैरण घेऊन आले ते एकाच चप्पलेवर. उजवी बांधावर राहिली. अर्धा किलोमीटर चालून आले आणि म्हणतात, ध्यानातच आलं नाही. आई म्हणते, आता एक दिवस धोतर विसरून येतील. घरातही मोजे घालून बसतात. पाय स्वतःच मागच्या दारी धुतात, आईला तळव्याला तेल लावू देत नाहीत. म्हातारपणी लाजायला लागलेत, असं तिचं म्हणणं. साखरेची गोळी वेळेवर घेता का विचारलं तर म्हणाले, चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. डब्यात बघितलं तर मागच्या महिन्याच्या निम्म्या गोळ्या तशाच.

मला विचारशील तर तू हट्ट सोड. त्यांना ती गाडी आवडलेली नाही, एवढंच आहे.

जेवत जा. ताईची आठवण पैसे संपायच्या आधी पण येऊ दे.
शिवाताई

*

इरोड
१८ डिसेंबर २०२३

ती. आबांना,
नमस्कार. मागच्या पत्रात जे जे वरच्या आवाजात लिहिलं, ते सगळं मागं घेतो.

ताईचं पत्र दुपारी आलं. मी ते नाथाजी काकांच्या शेजारी बसून वाचलं. काका तुमच्या वयाचे, कवठे महांकाळकडचेच, साखर पण तुमच्यासारखीच. तीस वर्षं हेच काम केलं. श्रावणात सोन्याची मूस भट्टीतनं उतरताना एक थेंब त्यांच्या उजव्या पायावर पडला. चप्पल जळून आत गेला. काका मूस धरून तसेच उभे, तोंडावर काय न्हाई. करपल्याचा वास मला आला, त्यांना पाय भाजल्याचं कळलं न्हाई. नंतर दोन बोटं काढावी लागली. आता ते स्टुलावर बसून वजनं करतात.

ताईचं पत्र वाचल्यावर मी त्यांना विचारलं, काका, आधी कायतरी कळलं असंल की. ते म्हणाले, काय न्हाई रं, चप्पल निसटायची तेवढी. आपण पुढं आणि चप्पल मागं.

आबा, तुमची उजवी चप्पल बांधावर राहिली.

मोटरसायकलीचा मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो. स्कूटरीचे दोन्ही ब्रेक हातात. तुमी पेंडीचं पोतं सांगितलं, गॅसची टाकी सांगितली, चिखल सांगितला, आणि हे एक सोडून सगळं सांगितलं. म्हशीच्या वेळी ब्रेक गेला न्हवता. देवळापासनं गाडी ढकलत आणली ती क्लचसाठी न्हवं.

मला एवढंच दिसतंय की मी हट्टानं, बयाना देऊन, तुमाला काय घेऊन देत होतो. म्हशीच्या जागी शाळेची पोरं असती तर? समोरनं ऊसाची ट्रॉली असती तर?

फोन करणार होतो. तीनदा नंबर काढला. फोनवर तुमी काय न्हाई झालं म्हणाल आणि ठेवाल. म्हणून लिहितोय. ऋषिराजला मात्र फोन केला, तो गाडी उद्या घेऊन जाईल. डॉक्टरला पाय दाखवल्याबिगर कुठलीच गाडी चालवू नका, दुसऱ्याची पण न्हाई. आईला पाय दाखवा. तिला सांगितलं न्हाई तर मी सांगीन.

मी शनिवारचं रेल्वेचं तिकीट काढतोय. मालकांनी रजा दिली तर ठीक, न्हाई दिली तर काम गेलं तरी चालंल.

माया असू द्या. माझ्यापासनं काय लपवू नका, एवढं मागणं.
विश्वजीत

*

मेढा
२१ डिसेंबर २०२३

चि. विश्वजीतला,
आशीर्वाद. येऊ नकोस. आधी हे, बाकीचे नंतर.

शेजारच्या पूजाने फोनवरून तुझ्या पत्राचा फोटो आईला वाचून दाखवला. तू टपालात टाकण्याआधी फोटो पाठवलास, ही माझ्याविरुद्ध केलेली आघाडी आहे. दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईने मला साताऱ्याला नेले. मी तिला नेले नाही, हे लक्षात घे.

डॉक्टरने डोळे मिटायला लावले आणि पायाला बारीक काडी टोचून, कळले की सांगा म्हणाला. डाव्या पायाला दहापैकी सात वेळा सांगितले. उजव्याला दोन वेळा. तुझी आई बाजूला उभी राहून मोजत होती.

आता तुला खरे सांगतो. त्या दिवशी म्हैस आडवी आली तेव्हा मी ब्रेक दाबला. निदान मला तसे वाटले. खाली बघितले तर पाय ब्रेकच्या शेजारी, रिकामा. मी माझाच पाय शोधत होतो. देवळापाशीही तेच झाले. सतरा वर्षे डोंगरात पाय घट्ट रोवून उभा राहिलो, आणि गल्लीच्या टोकाला पाय कुठे आहे ते कळेना.

डॉक्टर म्हणतो, गेलेले परत येईल असे सांगता येत नाही, पण साखर उतरली तर आहे ते टिकेल. पायाच्या ब्रेकची गाडी बंद. हाताच्या ब्रेकची चालेल, पण महिनाभर साखर आटोक्यात आणून त्याला दाखवल्यावर, तोवर नाही. रोज आरशात तळवा बघायचा, कुठे जखम आहे का ते. मी म्हटले, मी काय नवरी आहे का. त्याला हसू आले नाही. कंपनीत साहेबांना सांगितले. त्यांनी राउंडची ड्यूटी काढून गेटवरची वही दिली.

तुला का कळवले नाही विचारशील. तू आला असतास म्हणून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू एका ठिकाणी टिकलास. माझा पाय तुझ्या पिशवीचे कारण व्हावा, हे मला नको होते. मी टेंपोने जातो, येतो. मला काही कमी नाही. तिकीट काढले असेल तर रद्द कर.

नाथाजींना माझा नमस्कार सांग. दुकानात उभा राहताना बूट घालत जा, चप्पल नको.
तुझा बाप,
जोतीराम

*

इरोड
२८ जानेवारी २०२४

ती. आबांना,
नमस्कार, आणि पूजानं तुमच्या पत्राचा फोटो पाठवला त्याच दिवशी तिकीट रद्द केलं होतं. पिशवी खुंटीला हाय, खाली काढली न्हाई.

काल आईचा फोन आला. साखर उतरली आणि डॉक्टरनं हो म्हटलं, हे ऐकून मी नाथाजी काकांना सांगितलं. ते म्हणाले, गड्या, तुझ्या बापाला वेळेत अक्कल आली, माझी दोन बोटं त्याच्या कामी आली असं लिही.

ऋषिराजनं स्कूटर बघितली हाय. एका नर्सबाईंची, तीन वर्षांची, चौदा हजार किलोमीटर. मी त्याला फोनवर लय प्रश्न विचारले, तो वैतागला. सीट खाली हाय, दोन्ही पाय टेकतात. डावा ब्रेक दाबला की पुढची-मागची दोन्ही चाकं धरतात, हे त्यानं चालवून बघितलं. पेट्रोल जादा खाईल, खाऊ द्या. नऊशे रुपयाचं गणित मी केलं होतं, ते मीच खोडलं.

फक्त एक. किल्ली आईपाशी राहील. रोज सकाळी ती तळवा बघंल आणि मगच किल्ली दील. तिला मी सांगून ठेवलंय, ती तुमचं ऐकणार न्हाई. आणि मी मेच्या सुट्टीत येतो, त्याआधी न्हाई. मालकांनी या महिन्यापासनं मूस उतरायला मला एकट्याला लावलंय. बूट घालतो.

माया असू द्या, आणि माझ्याशी भांडत राहा, फोनवर पण चालंल.
तुमचा विश्वजीत

ता. क. स्कूटर चौसष्ट हजाराला ठरली. दोन हजार बयाना ऋषिराजकडं हायच, तोच इकडं धरला. पंचावन्न साठवलेले होते, वरचे मी फोन घ्यायला ठेवलेले, जुना अजून चालतो. आईच्या खात्यावर टाकतोय. त्यात तीनशे तुमच्या आरशाचे हायत, लांब दांड्याचा घ्या, वाकावं लागणार न्हाई. सगळे मिळून बासष्ट हजार तीनशे रुपये.