आरती संपेपर्यंत

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
३ सप्टेंबर २०२५

चि. जितेंद्र यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. महाडला नीट पोचलास ना? मनगट फार दुखतंय का?

आमच्या गणपतीत तू ऐन आरतीत कोसळलास, ते डोळ्यांपुढून हलत नाही. तुझा मोबाईल सारखा कोकलत होता, म्हणून मीच तो खिशातून काढून त्याचा आवाज बंद केला. साखर उतरल्याचा इशारा तो, मला काय ठाऊक? त्याआधी एक मोदक मागितलास, तर नैवेद्य व्हायचाय म्हणून चारचौघांत तुला खादाड म्हणाले. बाप्पा काय रागावला असता होय रे?

पण दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावतोस आणि सख्ख्या बहिणीपासून लपवतोस, हे मला फार लागलंय. का ते कळव.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ममता

महाड
८ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मनगट ठीक आहे. तुझी काही चूक नाही गं. तुझी चुलत जाऊ तिच्या मुलासाठी, नीरजसाठी, आमच्या अनुष्काला बघायला आली होती ना? मुलीचा बाप इन्सुलिन घेतो हे कळलं तर स्थळ हातचं जाईल, म्हणून त्या उकाड्यात फुल शर्ट घालून बसलो. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि नैवेद्य लांबला.

काल त्यांचा होकार आला. नीरजच्या आईच्याही दंडाला तसाच सेन्सर आहे म्हणे. मी उगाच घाबरलो. आता अनुष्काच हो म्हणत नाही, कारणही सांगत नाही. तुझं ऐकेल ती. दोन शब्द लिही.

राग सोड, माया ठेव.
तुझा जितेंद्र

महाड
१५ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सा. न.

पत्र मिळालं. नीरज चांगलाच आहे गं.

बाबांच्या साखरेचा आकडा माझ्याही मोबाईलवर येतो. त्यांच्या फोनचा आवाज तू बंद केलास, माझा फोन चालू होता. आकडा उतरताना मी बघत होते. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती. पुढे निघाले, तर बाबांनी डोळ्यांनीच दटावलं. मग मी नीरजच्या आईशेजारी टाळ्या वाजवत उभी राहिले, ते पडेपर्यंत.

बाबा म्हणतात, झालं ते विसर. पण त्या घरात गेले तर दरवर्षी आरतीला नीरजच्या आईच्याच शेजारी उभं राहायचं. मला नाही जमणार, आत्या. त्यांना नकार तूच कळव. बाबांना मात्र कारण सांगू नकोस. त्यांना वाटतंय, त्यांच्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

मला दूर करू नकोस.
तुझी अनुष्का