चौकातला हिरवा बेचाळीस

नागपूर,
गुरुवार (तिथी लिहिली असती, पण भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान कौसल्या माहेरी, आपल्याकडे गेल्यापासून कुणी उलटलेलं नाही)

आदरणीय देवरावभाऊ यांस,

ओमप्रकाशचा सादर नमस्कार. आपली प्रकृती, आपला गुडघा, आपली म्हैस आणि आपला धान या चौघांचं बरं असेल अशी आशा करतो. इकडे अंकित दुकान सांभाळतो आणि मी अंकितला सांभाळतो. दोघांनाही वाटतं की समोरच्याला ते जमत नाही. बाकी ठीक.

पत्र पाहून आपण दचकला असाल. हल्ली घरी पत्र येतं ते बँकेचं, आणि त्यात कुशल विचारलेलं नसतं. पण फोनवर बोलायची सोय आपण ठेवलेली नाही. आपण फोन उचलला की आधी स्पीकरवर टाकता, आणि मग माझं बोलणं आपण, वहिनी, कौसल्या, ओसरीत बसलेली मंडळी आणि गोठ्यातली म्हैस असे सगळे मिळून ऐकता. मागच्या खेपेला मी नुसतं ‘जेवण झालं का’ विचारलं, तर चार आवाजांत ‘हो’ आलं. तेव्हा हे पत्र धानाच्या पोत्यांमागे बसून एकट्यानं वाचावं आणि कौसल्येच्या हाती लागू देऊ नये. आपल्या गावचे शाळामास्तर आज संध्याकाळी चष्मा न्यायला दुकानात येणार आहेत, त्यांच्या हाती पाठवतो. (त्यांनी एसटीत वाचत बसू नये म्हणून त्यांचा नवा चष्मा डबीत घालून वरून चिकटपट्टी लावायला अंकितला सांगितलं आहे.)

आता मुद्द्याचं. दिवाळी झाली आणि कौसल्येचा दमा उफाळला हे आपण जाणताच. डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत धूळ-धुरापासून लांब ठेवा, माहेर कुहीकडे आहे तर तिकडेच पाठवा. डॉक्टरांचा मला तेव्हाच संशय आला. यांना काय ठाऊक हिचं माहेर कुठं? (पुढे कळलं की तिनंच सांगितलं होतं.) दुसरा संशय सरकारवर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. पूर्वी बाई रुसली तर भाड्याचा विचार करून थांबायची. आता तीही अडचण सरकारनं दूर केली. आणि तिसरा संशय, रागावू नका, आपल्यावर. ‘आमच्या गावची हवा शुद्ध’ असं आपण उठताबसता सांगता, पण ती मोजली कुणी? आपल्याकडे यंत्र नाही. ज्या गावात वजनकाटा नाही तिथला प्रत्येक जण सडपातळच असतो.

जाताना आमचं थोडं वाजलं. मी म्हणालो की नागपूरची हवा एवढी काही वाईट नाही, हे सगळं खोकल्याची औषधं विकणाऱ्यांनी उठवलेलं आहे. त्यावर ती पिशवीची गाठ मारत म्हणाली, ‘‘तुमच्या बोलण्यावर लय वर्षं चालली मी. आता मले त्या चौकातल्या पाटीनं सांगू द्या. आठ दिवस हिरवी दिसली, तर येते परत.’’ आणि गेली. भाऊ, माझ्या शब्दापेक्षा सरकारी पाटीवर जास्त विश्वास ठेवणारी बायको अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि ती माझ्या वाट्याला आली.

ही पाटी म्हणजे काय ते सांगतो. आमच्या चौकात खांबावर एक पांढरा डबा बसवला आहे आणि त्याखाली दिव्यांची पाटी. डबा हवा ओढून मोजतो आणि पाटीवर आकडा येतो. पन्नासच्या आत असला तर हिरवा, मग पिवळा, मग लाल. तो बसवायला दीक्षा नावाची एक इंजिनिअर मुलगी आली होती. मी तिला विचारलं की आत कॅमेरा आहे का. ती म्हणाली नाही. मी विचारलं की आमचं बोलणं ऐकू जातं का. ती म्हणाली, ‘‘काका, आत फक्त लहानसा पंखा आणि दिवा आहे.’’ नुसता पंखा आणि दिवा बसवायला सरकार शिडी, जीप आणि तीन माणसं पाठवेल हे आपल्याला तरी पटतं का? शिवाय चाळीस वर्षं सीताबर्डीत चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाला पाट्यांवर विश्वास ठेवायला सांगू नये. दुकानात अक्षरांची पाटी लावलेली असते. तिच्यावरची खालची ओळ वाचून दाखवणारे कित्येक जण मी पाहिले आहेत, ज्यांना ती दिसत नव्हती. बाकावर नंबरची वाट बघताना पुढच्याचं ऐकून पाठ केलेली असायची.

तर कौसल्या गेल्यापासून मी रोज सकाळी चौकात जाऊन पाटी बघू लागलो. लाल. दुसऱ्या दिवशी लाल. एकदा पिवळी झाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एका अनोळखी माणसाला चहा पाजला. सरकारचे प्रयत्न चालले होते, नाही म्हणत नाही. दुभाजकावर झाडं लावली, ती दिसावीत म्हणून झाडांपेक्षा मोठे फलक लावले. विजेवर चालणाऱ्या बस आणल्या, त्या आवाज न करता पाठीमागून येतात. (ज्याच्या मनात काही नाही तो आवाज करत येतो, असं माझं मत आहे.) एका रविवारी मैदानात सगळ्यांना हात पुढे करून हवेची शपथ दिली. मी हात केला, पण ओठ हलवले नाहीत. उद्या काही अंगाशी आलं तर आपण शपथ घेतली नव्हती असं म्हणता यावं.

मग फवाऱ्याची गाडी आली. ट्रकवर मोठी टाकी, टाकीवर तोफेसारखा पंखा, आणि त्यातून धुक्यासारखं पाणी उडतं. ते धुळीला खाली बसवतं म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं नागपूर घसा फोडून मारबतीच्या पुतळ्याला सांगतं की खोकला घेऊन जा. तिनं इतकी वर्षं मनावर घेतलं नाही, म्हणून सरकारनं गाडी घेतली असावी. माझी काही हरकत नव्हती. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि माझी झोपच उडाली. ही गाडी सगळ्या रस्त्यानं झरझर जाते आणि नेमकी आमच्या चौकात, त्या डब्याच्या खांबापाशी येऊन थांबते. पंखा चालूच. म्हणजे जिथं हवा मोजायची तेवढीच हवा धुवायची. भाऊ, मी अंकितला सांगितलं, सरकारची चोरी पकडली. अंकित म्हणाला, बाबा, तुम्ही आधी दात घासा.

मी पाळत ठेवली. स्कूटरवरून गाडीच्या मागे मागे गेलो (ओला होऊन परत आलो, सर्दी झाली, त्याचाही दोष मी त्यांनाच देतो). शेवटी एके दिवशी ड्रायव्हरला खांबाखाली गाठलं. रजत नाव, उमरेडचा. मी दरडावून विचारलं की तुला इथंच थांबायला कुणी सांगितलं, वरून हुकूम आहे ना? तो हातातली प्लेट खाली न ठेवता म्हणाला, ‘‘हुकूम कायचा काकाजी? इथले तर्री पोहे चांगले आहेत म्हणून थांबतो गा. पंखा बंद केला तर पुन्हा चालू व्हाले टाइम लागते, म्हणून चालू राहू देतो. तो डबा कायचा आहे, मले काय मालूम?’’ मी त्याच्या प्लेटीकडे पाहिलं. पोहे खरंच चांगले होते.

इतक्या मोठ्या कटाचा शेवट पोह्यात व्हावा याचं मला फार वाईट वाटलं. पण घरी येऊन एकट्यानं वरण-भात खाताना (वरण माझं, त्यामुळे त्याला वरण म्हणणं हा माझा मोठेपणा) मनात एक विचार आला. रजत एक प्लेट खातो तेवढा वेळ पाणी उडतं आणि पाटी लालची पिवळी होते. त्यानं दोन प्लेटी खाल्ल्या तर? दुसऱ्या दिवसापासून रजतचे पोहे माझ्याकडून. वर चहा. चहावर त्याच्या घरची चौकशी, आणि घर मोठं असल्यामुळे चौकशीही लांबायची. पंखाही मी त्याला जरा डब्याच्या बाजूला वळवायला लावला, उगाच पोह्यावर पाणी उडतं म्हणून. आणि भाऊ, चार-सहा दिवसांत पाटी हिरवी झाली! बेचाळीस! मी पाटीखाली उभा राहून फोटो काढला आणि कौसल्येला पाठवला. तिनं उलट निरोप पाठवला, ‘एक दिवस झाला.’

दुसऱ्या दिवशीही बेचाळीस. तिसऱ्या दिवशी बेचाळीस. एका सकाळी कुणीतरी खांबाखालीच कचरा पेटवला होता, टायरसकट, माणसाला माणूस दिसत नव्हता, आणि त्या धुरातून वर हिरवा बेचाळीस चमकत होता. जन्मभर मी सगळ्यांवर शंका घेत आलो, दूधवाल्यावर, जावयावर, हवामानाच्या अंदाजावर. त्या दिवशी मात्र घेतली नाही. डोळे पुसले आणि फोटो काढला. फोटोत धूर येऊ नये म्हणून जरा खालून काढला.

असे आठ फोटो गेले. काल कौसल्येचा फोन आला की बेचाळीस टिकला म्हणता तर येते, रविवारच्या पहिल्या एसटीनं निघते. तेव्हा आनंदाची बातमी कळवण्यासाठी हे पत्र. सरकारच्या प्रयत्नांना यश आलं आहे, नागपूरची हवा उत्तम आहे, आणि आपण तिला रविवारी जपून गाडीत बसवून द्यावं, खिडकीपाशी बसवू नये, रस्त्याला धूळ फार आहे. सोबत थोडा नवा तांदूळ पाठवल्यास हरकत नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
ओमप्रकाश

ता. क. पत्र बंद केलं होतं, ते उघडून लिहितो आहे. दुपारी दीक्षा शिडी घेऊन आली होती. डबा उघडला तर आतून कपभर पाणी पडलं. ती म्हणाली, ‘‘काका, हे कधीचंच बंद आहे. आकडा अडकून बसलाय. इथं कुणी रोज पाणी मारत होतं का?’’ मी म्हणालो, सरकारचं काय सांगावं. तिनं नवा डबा लावला. पाटी दोनदा लुकलुकली आणि लाल झाली. आकडा किती होता ते विचारू नका, मी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. काल फोन ठेवता ठेवता कौसल्या म्हणाली, ‘‘माझा तो दम्याचा पंप संपत आला आहे. नवा नाही घेत आता. हवा चांगली झाली तर कायले पाहिजे?’’ मी ‘हं’ म्हणालो. भाऊ, मी ‘हं’ म्हणालो! रात्रभर ते ‘हं’ माझ्या छातीवर बसून होतं. सकाळी उठून वरचं सगळं पत्र लिहिलं, की आपल्याकडून काही चुकलं नाही असं स्वतःलाच वाटावं. तेव्हा वर जे लिहिलं आहे ते सगळं खोडलं असं समजा आणि तिला रविवारी काही झालं तरी गाडीत बसू देऊ नका. गुडघा दुखतो म्हणा, म्हैस आजारी आहे म्हणा, काहीही सांगा. आणि पंप आजच आणा, उद्यावर ठेवू नका. तो कसा ओढायचा हे ती विसरते. पंप दाबून लगेच श्वास सोडते, तिला दहापर्यंत मोजायला लावा.

ता. क. तिसरा. शनिवारी मी येतो आहे. होळीपर्यंत राहीन म्हणतो. जावई सासुरवाडीला महिनोन्महिने राहिला तर लोक काय म्हणतील या भीतीनं इतके दिवस आलो नाही. पण लोक माझ्याबरोबर जेवायला बसत नाहीत. मला तिच्याशिवाय घरात करमत नाही, हे आपण तिला सांगू नका. मी आल्यावर ती दारातच विचारेल, काहून आले म्हणून. तेव्हा आपण मध्ये बोलू नका, काही सावरून घेऊ नका. मलाच सांगू द्या.