लव्हाळा, माकडे आणि माझे कुंपण

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, वनस्पतिसंग्रहालयातून निवृत्त, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे आहेच कोण?

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. तिने माझे आजारपण काढले, वर माझी बोलणीही खाल्ली.

२. भिंग आणि वाळवलेल्या लव्हाळ्यांचे कपाट संग्रहालयाला. तिथले साहेब एकदा म्हणाले होते, "शेवटी गवतच ना ते?" लव्हाळा गवत नव्हे, त्याच्या देठाला तीन धारा असतात, बोटांत फिरवला की कळते. साहेबांनी तो फिरवून पाहावा, एवढीच अट.

३. घरामागची पाणथळ जमीन धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

धाकट्याने जन्मभर माकडांच्या एका जातीचा अभ्यास केला, मी लव्हाळ्याच्या एका जातीचा. दोन्ही याच पाणथळीतल्या. सरकारी यादीत माकड 'संकटग्रस्त', माझा लव्हाळा 'अतिसंकटग्रस्त', म्हणजे आणखी एक पायरी खाली. तरी वर्तमानपत्रात फोटो माकडाचा. पिल्लू पोटाशी धरलेली माकडीण पाहून कोणीही विरघळते. लव्हाळ्याचा फोटो छापला तर लोक विचारतात, यात बघायचे काय? मला याचा राग होता, खोटे कशाला लिहू.

माकडे लव्हाळ्याचे कंद उपटून खात, म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी जाळीचे कुंपण घातले. धाकटा म्हणाला, "ताई, अगं ती अर्धे कंद खातात आणि अर्धे टाकून देतात. तेच पुढे रुजतात. कुंपण नको घालूस." मी म्हटले, "तुझी माकडं तू सांभाळ. परत या घरात पाऊल टाकू नकोस." त्याने ते शब्दशः पाळले.

तेव्हा चारशे रोपे होती. आज सात आहेत. बाकी जागा उंच गवताने गिळली. त्याचे बरोबर होते, चूक माझी.

४. कुंपण धाकट्याने काढावे. मी दोनदा करून पाहिले, हातात जोर उरलेला नाही.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. डॉक्टरीणबाईंच्या मते मी अजून चार-पाच वर्षे काढीन. सात रोपे तेवढी काढणार नाहीत. म्हणून याची एक प्रत आजच धाकट्याला टपालाने पाठवत आहे. त्याने माझ्या मरणाची वाट पाहू नये. याच आठवड्यात यावे.

लिहून देणार : धाकट्याची ताई (सही)
साक्षीदार : डॉक्टरीणबाई (सही), शेजारचे शिंपीकाका (सही)
ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ४ मार्च २०२५